लेण्याच्या भिंतीवर लिहिलेला जिल्हा

नाशिक परिसरातल्या शाळांची एक तरी सहल पांडवलेण्यांवर जातेच. मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरायचे, पायऱ्या चढायच्या, चोवीस लेणी मोजायची, मूर्ती बघायच्या, डबे खायचे आणि खाली यायचे. ही लेणी पांडवांनी कोरलेली नसून बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरली गेली, सातवाहन आणि क्षत्रप यांच्या काळात ती घडली, एवढे शिक्षक सांगतात आणि ते बरोबरच आहे. मात्र व्हरांड्याच्या भिंतींवर जी अक्षरे आहेत त्यांच्याकडे एक नजर टाकून मुले पुढे जातात. 'राजाने दान दिल्याचा लेख' या चार शब्दांत त्यांची बोळवण होते.

आम्हाला या लेखांत गोडी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. या भिंतींवर एका जिल्ह्याची माहिती आहे. त्याचे नाव गोवर्धन आहार. त्याचे गाव, त्याचे अधिकारी, रस्ते, खेडी, विणकर, व्याजाचे दर, इतकेच काय, ओस पडलेले एक शेतसुद्धा तिथे नोंदलेले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा नाशिक परिसर कसा होता हे सांगणारा इतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. तरीही नाशिकच्या प्राचीन इतिहासाचा विषय निघाला की आपण पंचवटीवरून थेट पेशवाईवर येतो!

'आहार' म्हटल्यावर वर्गात हशा पिकणार. इथे त्याचा अर्थ जेवण नव्हे. 'आ + हृ' म्हणजे आणणे, गोळा करणे. ज्या भागातून राजाचे उत्पन्न गोळा होऊन एका ठिकाणी येते तो आहार, अशी या शब्दाची साधी फोड करता येईल. सातवाहन राज्यात असे बरेच आहार होते. कार्ले येथील लेखात 'मामाल' आहार आहे. तो आजचा मावळ. प्रत्येक आहारावर एक अमात्य असे. गोवर्धनच्या अमात्यांपैकी तिघांची नावे लेण्यांत टिकून राहिली आहेत: विष्णुपालित, सामक आणि शिवस्कंदिल. आजच्या भाषेत हे नाशिकचे आपल्याला नावाने ठाऊक असलेले सर्वांत जुने जिल्हाधिकारी म्हणायला हरकत नाही.

मग जिल्ह्याला नाशिक असे नाव का नाही? नाशिक हे नावही जुनेच आहे. १९ क्रमांकाच्या लहानशा लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या कारकिर्दीत नाशिकच्या एका महामात्राने ते लेणे करविल्याचा उल्लेख आहे, आणि चैत्यगृहाच्या दाराशी नाशिककरांच्या दानाची नोंद आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही 'नासिका' येते. परंतु कारभाराचे ठाणे होते गोवर्धन. शहरापासून सुमारे दहा किलोमीटर पश्चिमेला, गोदावरीच्या काठी, गंगापूरला लागून गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. १८८३ च्या मुंबई गॅझेटियरने प्राचीन गोवर्धन ते हेच असे ठरवले आणि बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले. गॅझेटियरसाठी हे लेख पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचले होते, पुढे फ्रेंच विद्वान सेनार यांनी त्यांचे काळजीपूर्वक संपादन केले, वा. वि. मिराशी यांनी ते मराठी वाचकांपर्यंत आणले. आमचा विषय विज्ञान असला तरी या तिघांच्या वाचनांतले फरक ताडून पाहताना प्रयोगवहीतल्या नोंदी तपासल्यासारखे वाटते.

आता जमिनीकडे पाहू. लेखांत टेकडीचे नाव 'तिरण्हु' आहे, संस्कृतात त्रिरश्मी. या टेकडीच्या उत्तर अंगावर बेसॉल्टच्या आडव्या थरात लेण्यांची रांग आहे. तिथे उभे राहिले की आहाराचा गाभा समोर पसरलेला दिसतो. पश्चिमेला त्र्यंबकचे डोंगर. तिथे ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदावरी पूर्वेला वाहत येते. पश्चिमेकडचा प्रदेश पावसाचा, डोंगराळ, पातळ मातीचा. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो आणि जमीन काळी व खोल होत जाते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिकला सातशेच्या आसपास. या दोन प्रदेशांच्या सांध्यावर, बारमाही पाण्याच्या काठी ठाणे बसावे यात नवल नाही. वस्ती तर त्याच्याही फार आधीची. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची भांडी खालच्या थरात आणि सातवाहन काळाचे अवशेष वरच्या थरांत सापडले.

दुसरी गोष्ट घाटाची. नैऋत्येला थळघाट उतरला की कोकण, आणि कोकणात शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे हे मोठे बंदर. वरच्या बाजूला गोदावरीच्या खोऱ्यातून प्रतिष्ठानपर्यंत, म्हणजे पैठणपर्यंत, सरळ वाट. गोवर्धन हे या वाटेवरचे नाके होते. लेण्यांत दान देणारे कोण होते ते पाहिले म्हणजे याची खात्री पटते. १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने करविले. तो स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा म्हणवतो.

या नाक्यावर ज्यांनी काही काळ ताबा मिळवला ते क्षहरात क्षत्रप. राजा नहपान, त्याची मुलगी दक्षमित्रा आणि जावई उषवदात. हा जावई मोठा हौशी दाता. १० क्रमांकाचे भव्य लेणे त्याचे. त्याच्या लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे, आणि ती यादी म्हणजे भूगोलाचा एक धडाच आहे. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. आजच्या नकाशावर यांतली पार, दमणगंगा, तापी आणि डहाणूची खाडी चटकन सापडतात. आणखी एक गंमत आहे. पार आणि दमणगंगा या दोन्ही नद्या उगम पावतात आजच्या नाशिक जिल्ह्यातच, सह्याद्रीच्या माथ्यावर. म्हणजे ज्या नद्यांच्या मुखाशी उषवदाताच्या होड्या चालत, त्यांची उगमस्थाने गोवर्धनच्या शेजारची. किनारा आणि पठार असे वेगळे कप्पे आपण पाठ्यपुस्तकात पाडतो. त्याच्या राज्यात ते एकत्र होते.

या लेण्यातला ४२ व्या वर्षाचा लेख गणिताच्या शिक्षकांनी जरूर वापरावा. उषवदाताने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा एक या व्याजाने; एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. आता मुलांना विचारावे: हा दर दरसालचा की दरमहाचा? दरसाल धरला तर दोन हजारांवर वीसच कार्षापण मिळतील, एकेका भिक्षूच्या वाट्याला एक. दरमहा धरला तर वर्षाचे होतात दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब कवडीचाही फरक न पडता जुळतो. दगडावरचा मजकूर आपण बरोबर वाचला आहे याची अशी पडताळणी क्वचितच करायला मिळते.

यातून आणखीही काही निघते. एकाच गावात एकाच धंद्याच्या दोन श्रेणी आहेत आणि त्यांचे दर निरनिराळे आहेत, वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. राजाचा जावई आपले पैसे खजिन्यात न ठेवता विणकरांकडे ठेवतो, आणि त्या व्यवहाराची नोंद गावाच्या निगमसभेत होते. राजे बदलले तरी विणकर राहतील असा त्याचा अंदाज असावा. (इथे येवल्याच्या पैठणीचा धागा जोडण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. मधल्या शतकांचा पुरावा हाती नसताना दोन टोके बांधणे बरे नव्हे.)

याच लेखात कापूर आहारातल्या 'चिखलपद्र' गावची नारळाची आठ हजार झाडे भिक्षूंना दिल्याचे म्हटले आहे. चिखल हा शब्द तर आपला रोजचाच. कापूर आहार कुठे होता? नावावर न जाता नारळाला विचारू. आठ हजार नारळ पठारावरच्या कोरड्या हवेत उभे राहायचे नाहीत. तेव्हा तो आहार घाटाखाली, किनाऱ्याच्या बाजूला असला पाहिजे. वनस्पतीने दिलेली साक्ष सहसा खोटी ठरत नाही.

नावांच्या साक्षीबद्दल मात्र सावध राहावे लागते. लेखांत गोवर्धन आहारातली काही खेडी आली आहेत: अपर-कखडी, पिसाजिपदक, सुदिसन, सामलिपद. 'पद', 'पदक', 'पद्र' ही रूपे म्हणजे आपला पाडा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत फिरताना पाड्यांची नावे कानावर पडतात तेव्हा हा प्रत्यय केवढा जुना आहे याची जाणीव होते. 'सामलि' म्हणजे शाल्मली, आपल्याकडची सावर. मग सामलिपद म्हणजे सावरपाडा! आणि सावरपाडा नावाचे गाव नाशिक जिल्ह्यात आहेही. धावपटू कविता राऊत यांच्यामुळे ते देशभर ठाऊक झाले. अर्थ जुळला, ध्वनी जुळला, जिल्हाही जुळला. हे लक्षात आले तेव्हा आम्हीही क्षणभर हरखून गेलो होतो. पण लेख पुन्हा वाचला. त्यात सामलिपद 'पूर्व मार्गावर' असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. कविता राऊत यांचे सावरपाडा हरसूलच्या बाजूला, नाशिकच्या पश्चिमेला डोंगरात आहे. झाले! सावरीची झाडे सगळीकडे असतात, तशी त्यांच्यावरून पडलेली नावेही सगळीकडे असणार. स्थाननिश्चिती करताना दिशा, अंतर, जुने अवशेष यांचा मेळ बसल्याशिवाय नुसत्या नावावर विसंबू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

'पूर्व मार्ग' आणि 'दक्षिण मार्ग' हे शब्द स्वतःच महत्त्वाचे आहेत. सुदिसन गाव दक्षिण मार्गावर, सामलिपद पूर्व मार्गावर. आहाराच्या सीमा लेखांत कुठेच दिलेल्या नाहीत. गावाची ओळख सांगितली आहे ती रस्त्यावरून. आपण जिल्हा म्हटला की बाहेरची रेघ आधी काढतो आणि मग आतले भरतो. गोवर्धनच्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर मधोमध ठाणे आणि तिथून निघणारे रस्ते असणार. विद्यार्थ्यांना या आहाराचा नकाशा काढायला सांगितला तर त्यांनी सीमारेषा काढू नये. गोवर्धन, नदी, त्रिरश्मी टेकडी, दोन रस्ते, त्यांवर एकेक गाव, टेकडीच्या नैऋत्येला पिसाजिपदक, एवढेच मांडावे. उरलेला कागद कोराच राहू द्यावा.

या नाक्यावरून मग लढाई झाली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य बुडवले. नेमके कधी, याबद्दल एकमत नाही. नहपानाची ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची धरली तर काळ इ. स. १२० च्या आसपास येतो; नाही धरली तर हे सारे पहिल्या शतकात मागे जाते. लढाई झाली आणि निकाल काय लागला याचा पुरावा मात्र ढिगाने आहे, अगदी शब्दशः. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. एकेक नाणे साधारण दोन ग्रॅमचे, म्हणजे साठ्यात पंचवीस किलोंहून जास्त चांदी. वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी जुन्याच नाण्यावर डोंगराचे चिन्ह ठोकून दिले. कितीतरी नाण्यांवर नहपानाचा चेहरा त्या चिन्हाखालून डोकावतो. घाईचे काम, पण ज्याच्या हाती नाणे पडेल त्याला राज्य बदलल्याचे कळावे, यासाठी पुरेसे.

बाजारात असे झाले. शेतात काय झाले? त्याचे उत्तर ३ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या पूर्वेकडील भिंतीवर छताखाली आहे. तिथे गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा एकापाठोपाठ एक कोरल्या आहेत.

पहिली १८ व्या वर्षाची, विजयी सेनेच्या छावणीतून विष्णुपालिताला पाठवलेली. अपर-कखडी गावात आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत आता त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये. राज्य बदलले, पूर्वीच्या सत्ताधीशाची जमीन नव्याने वाटली. रीतसर आणि रुबाबदार आज्ञा आहे.

दुसरी २४ व्या वर्षाची, म्हणजे सहा वर्षांनंतरची. तोवर अमात्य बदलला आहे, आता सामक आहे. आज्ञा राजाच्या आणि राजमातेच्या, दोघांच्या नावाने आहे. सामकाचे क्षेमकुशल विचारून ती सांगते की कखडी गावचे जे शेत भिक्षूंना दिले होते ते कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही. मूळ प्राकृतात 'कसते' आणि 'वसति' हीच क्रियापदे आहेत. आपला शेतकरी आजही शेत कसतो आणि गाव आजही वसते. तेव्हा त्याऐवजी गावाच्या शिवेवरची राजाच्या मालकीची शंभर निवर्तने जमीन द्यावी, असा हुकूम आहे.

सगळ्या भिंतीवरचा सर्वांत बोलका मजकूर आम्हाला हाच वाटतो. कखडी ओस का पडले हे लेख सांगत नाही. लढाईत कुळे परागंदा झाली असतील, पाऊस हुकला असेल, साथ आली असेल. उषवदाताचे कारभारी गेले तशी त्यांची माणसेही उठून गेली असतील. कारण काहीही असो, परिणाम स्वच्छ आहे. दोनशे निवर्तने जमीन कागदोपत्री होती आणि तिचे मोल शून्य होते, कारण भिक्षू नांगर धरत नाहीत आणि धरणारे हात गावात उरले नव्हते. म्हणून निम्मीच पण ठाण्याच्या वेशीवरची, माणसांच्या वस्तीजवळची जमीन राजाला द्यावी लागली. प्राचीन राज्यांचे नकाशे आपण रंगाने भरतो तेव्हा रंगवलेल्या प्रदेशात सर्वत्र सारखीच सत्ता आणि सारखीच वस्ती होती असे मुलांना वाटते. कखडीसारखी कितीतरी रिकामी ठिपके-ठिपके जागा त्या रंगाखाली असणार.

त्याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे, तिचा नातू पुळुमावी याच्या १९ व्या वर्षाचा. त्यात तिचा मुलगा अश्मक, मूळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती अशा देशांचा राजा आणि विंध्यापासून मलय-महेंद्रापर्यंतच्या पर्वतांचा स्वामी म्हणून येतो. पाठ्यपुस्तकांत हाच लेख उद्धृत होतो. आईने दिवंगत मुलाचे केलेले वर्णन म्हणून तो वाचावा. त्यावरून सीमारेषा आखू नयेत. इ. स. १५० च्या जुनागडच्या लेखात क्षत्रप रुद्रदामन यांतले बरेच देश स्वतःचे म्हणून सांगतो. मोठी नावे दोन्ही बाजू सांगतात. कखडीचे शेत पडीक असल्याची कबुली देण्यात मात्र कोणाचाच गौरव नव्हता, म्हणून आम्ही तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

जमिनीची अदलाबदल पुढेही चालू राहिली. पुळुमावीने २२ व्या वर्षी शिवस्कंदिलाला कळवले की लेण्याच्या देखभालीसाठी दिलेल्या दक्षिण मार्गावरच्या सुदिसन गावाऐवजी पूर्व मार्गावरचे सामलिपद द्यावे. या वेळी कारण दिलेले नाही. पूर्वेकडे जमीन अधिक काळी आणि खोल आहे, एवढे आपण नोंदवून ठेवू.

सातवाहन गेले, आभीर आले. १० क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली. कोणाकडे? पुन्हा श्रेणींकडेच. या वेळी त्यांत कुलरिक आहेत, ते बहुधा कुंभार. तेल गाळणारे आहेत. आणि 'ओदयंत्रिक', म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे कारागीर आहेत. ती यंत्रे मोटेसारखी होती की रहाटासारखी, हे लेखावरून कळत नाही. पण ती बनवणाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी असावी, तिच्याकडे लोकांनी विश्वासाने पैसे ठेवावेत, इतकी त्यांना या खोऱ्यात मागणी होती. पुढच्या सहलीत १० क्रमांकाच्या लेण्याचे अंगण ओलांडताना हा लेख मुलांना जरूर दाखवावा, आणि ते यंत्र कसे असेल याचे चित्र त्यांना वहीत काढायला सांगावे.